कॅम्परचा फर्नेस पेटेना, घरपोच टेक्निशियनचा अनुभव

ऑक्टोबरमधे कोलोरॅडोत एस्टेस पार्कला गेलो होतो, रात्री बाहेर शून्याखाली आणि कॅम्परचा (चाकांवरच्या घराचा) फर्नेस, म्हणजे गॅसवरचा हीटर, काही केल्या पेटेना, पंखा फिरायचा पण गरम हवा नाहीच, पोरगी पार गारठली. गॅस होता, शेगडी नीट पेटत होती. सकाळी जागेवर येऊन आरव्ही, म्हणजे अशा कॅम्पर गाड्या, दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनला बोलावलं. माणूस एक नंबर! फर्नेसचा कंट्रोल बोर्ड बदला वगैरे काही न म्हणता आधी मीटर लावून बॅटरी बघितली, पंखा चालू असताना ११ व्होल्टच्या खाली. मग सेल स्विच काढून दाखवला, म्हणजे हवेच्या जोराने ढकलली जाणारी छोटी पत्ती, ती हलली नाही तर बोर्ड गॅसचा व्हॉल्व्ह उघडतच नाही, आणि आमच्या पत्तीवर कुत्र्याचे केस न धूळ अडकलेली, त्यात बॅटरी उतरल्याने पंखा हळू. साफ केलं, बॅटरी चार्जिंगला लावली, थर्मोस्टॅट वाढवल्यावर थोड्या वेळाने टिकटिक स्पार्क आणि भक्कन पेटला! कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही न सांगता तपासला, हे फार आवडलं मला. व्हिजिट फी जरा जास्त वाटली, पण उगाच एकही पार्ट गळ्यात मारला नाही. पाच स्टार.