लहान मुलासोबत खेळताना: मारिओ की माइनक्राफ्ट?

निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलवरील ‘सुपर मारिओ ओडिसी’ या खेळात (२०१७) दोघे खेळत असताना एकजण मारिओला पळवतो आणि दुसरा त्याची टोपी, म्हणजे कॅपी, हाताळतो, त्यामुळे दरीत पडण्याची धास्ती न बाळगता मूल टोपी भिरकावत नाणी गोळा करते आणि अवघड उड्या पालकाच्या वाट्याला येतात. मात्र कॅमेरा मारिओमागेच फिरत असल्याने हुकूमत अखेर मोठ्यांचीच राहते, आणि हे मुलांच्या फार लवकर लक्षात येते. ‘माइनक्राफ्ट’ या ठोकळ्यांनी बांधकाम करण्याच्या खेळाच्या क्रिएटिव्ह मोडमध्ये ठोकळे अमर्याद मिळतात, उडता येते आणि कन्सोलवर पडदा विभागून दोघांना आपापले बांधकाम करता येते. अर्थात, आपण खपून उभारलेली भिंत मूल क्षणात फोडते, तेही निमूटपणे सोसावे लागते. कंट्रोलरच्या दोन्ही स्टिकवर, म्हणजे दिशा देणाऱ्या छोट्या दांड्यांवर, अंगठे सरावेपर्यंत मी मुलाच्या हाती टोपीच देईन, ठोकळे त्यानंतर.