अकरा महिने विकतचा अँटीव्हायरस: पेनड्राइव्हला पैकीच्या पैकी, जाहिरातीला भोपळा

बार्शीत तहसील कचेरीजवळ आमचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. मागच्या दिवाळीनंतर काउंटरवरच्या पीसीवर अँटीव्हायरसची एक वर्षाची 'की' (तो चालू करायचा परवाना क्रमांक) टाकली, 649 रुपयांना. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बाकीच्यांचे डबे उघडले तरी आत फार वेगळं निघेल असं मला वाटत नाही. फीचर वगैरे सगळ्यांना पाठ आहेत. मी फक्त वापराचं लिहिते.

पहिले पाच महिने मी खूश होते, हे आधी कबूल करते. आमच्याकडे दिवसाला पंधरा-वीस पेनड्राइव्ह येतात. कॉलेजची पोरं, कचेरीत फॉर्म भरायला आलेली माणसं, आणि प्रत्येकाच्या ड्राइव्हमध्ये तोच तो शॉर्टकट व्हायरस. फोल्डर दिसतो, पण खरा फोल्डर लपवलेला असतो आणि त्याच्या जागी शॉर्टकट बसलेला. त्यावर डबल क्लिक केलं की संपलं. या अँटीव्हायरसने असा एकही ड्राइव्ह आत येऊ दिला नाही. लावला की आपोआप स्कॅन, घाण बाजूला, फाइली शाबूत. तेव्हा लिहायला बसले असते तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते.

तेव्हाही एकच गोष्ट खुपायची. खालच्या उजव्या कोपऱ्यातला त्यांचा पॉपअप. टुंग असा आवाज करून वर यायचा. '1,847 जंक फाइली सापडल्या.' 'तुमचा पीसी मंद झाला आहे.' 'पूर्ण संरक्षणासाठी वरचा प्लॅन घ्या.' पैसे मोजून घेतलेल्या वस्तूने घरात बसून आणखी पैसे मागायचे! बंद करायची सोय आहे, सेटिंगच्या चौथ्या पानावर. मी ती तीनदा बंद केली. अपडेट झालं की पुन्हा चालू. गिऱ्हाईक समोर उभं असताना टुंग वाजलं की ते विचारणार, 'वहिनी, व्हायरस आलाय काय?'

मग आली लग्नसराई. पत्रिकेसाठी नवी बॉर्डर हवी म्हणून भाचा फुकट सीडीआर (कोरलड्रॉमधल्या डिझाइनच्या) फाइली मिळणाऱ्या एका साइटवर गेला. डीटीपीवाल्यांना ही पानं चांगली माहीत आहेत. पानावर तीन हिरवी डाउनलोड बटणं, तिन्ही जाहिराती, आणि खरी लिंक खाली कुठेतरी बारीक निळ्या अक्षरात. त्याआधी पानाने विचारलं, 'रोबोट नसाल तर अलाउ दाबा.' त्याने दाबलं. मग हिरवं बटण दाबलं. पीडीएफ कन्व्हर्टरची म्हणून एक सेटअप फाइल उतरली, तीही त्याने नेक्स्ट-नेक्स्ट करत चालवली. अँटीव्हायरस गप्प.

दुसऱ्या दिवसापासून त्याच कोपऱ्यात, तसाच टुंग करत पॉपअप: 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस सापडले, आत्ता रिन्यू करा.' रंग तोच, ढालीचं चित्र तेच. चार दिवस आम्ही तो आमच्याच अँटीव्हायरसचा समजून बंद करत राहिलो! माझा सगळा राग इथे आहे. खऱ्या कंपनीने पाच महिने त्या कोपऱ्यातून घाबरवायची सवय लावली नसती, तर खोटा पॉपअप पहिल्याच दिवशी डोळ्यात आला असता. भाच्याला काय बोलणार?

ही युक्ती नवी नाही, हे नंतर वाचताना कळलं. 2009 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क टाइम्सच्या साइटवर एका फोन कंपनीच्या नावाने जाहिरात घेतली गेली आणि शनिवार-रविवार गाठून तिच्या जागी 'तुमच्या पीसीत व्हायरस आहे'वाली खोटी अँटीव्हायरसची जाहिरात सोडली गेली. 2016 च्या मार्चमध्ये तर बीबीसी, न्यूयॉर्क टाइम्स, एओएल अशा साइटींवर जाहिरातींच्या जाळ्यातून घाण पोहोचली. तेव्हा ब्राउझरला जोडलेल्या फ्लॅशसारख्या जुन्या प्लगइनच्या भोकांतून, क्लिक न करताही आत शिरता यायचं. फ्लॅश 2020 च्या शेवटी बंद झाला, ब्राउझर आपले आपण अपडेट व्हायला लागले, म्हणून आता चोराला बहुतेक वेळा आपल्याच बोटाची गरज लागते. साइटवाल्यालाही माहीत नसतं कोणाला काय दिसतंय. जागा विकलेली असते आणि पान उघडता उघडता तिचा लिलाव होऊन जाहिरात येऊन बसते. मी दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर तेच पान उघडलं, तर तिथे साड्या आणि प्रेशर कुकर.

आता कस्टमर केअर. नंबर डब्यावरून घेतला. गूगलवर शोधायचा नाही, हे शहाणपण शेजारच्या दुकानदाराच्या पैशांवर आलेलं आहे. वर 'प्रायोजित' लिहिलेला नंबर भलत्याच माणसाचा निघतो. चाळीस मिनिटं फोनवर. त्यांच्या पोराने रिमोटवर पीसी घेतला, फुल स्कॅन लावला, काही सापडलं नाही. म्हणाला, 'मॅडम, हा व्हायरस नाही, ॲडवेअर आहे, जाहिराती घुसवणारा प्रोग्रॅम. तुमच्या प्लॅनमध्ये बसत नाही.' मग कशात बसतं? वरच्या प्लॅनमध्ये. मी फोन ठेवला.

साफसफाई शेवटी रविवारी दुकान बंद ठेवून आम्हीच केली. पॉपअप सगळ्यात सोपे निघाले. क्रोमच्या साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशन उघडलं, तर परवानगी दिलेल्या चौदा साइटी, नावं अशी की मांजर कीबोर्डवरून चालत गेलंय. सगळ्या उडवल्या आणि टुंग थांबलं. म्हणजे तो पॉपअप व्हायरस नव्हताच, आम्हीच 'अलाउ' देऊन घरात घेतलेला पाहुणा होता.

खरी घाण त्या सेटअप फाइलने केलेली. सर्च इंजिन बदललेलं, परत लावलं तरी पीसी चालू करताना पुन्हा बदलायचं. एक अनोळखी एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम), त्याला काढायचं बटणच नाही. आणि क्रोमच्या मेन्यूत तळाला ओळ: हा ब्राउझर तुमची संस्था व्यवस्थापित करते. संस्था कसली? मी आणि भाचा! ॲड्रेस बारमध्ये क्रोम-पॉलिसीचं पान उघडलं तेव्हा दिसलं की रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, पॉलिसी लिहून ते एक्स्टेंशन सक्तीने बसवलंय. मालवेअरबाइट्सचं ॲडडब्ल्यूक्लीनर फुकट आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही. पाच मिनिटांत त्याने पॉलिसी आणि एक्स्टेंशन दोन्ही पकडलं. टास्क शेड्यूलरमध्ये दर लॉगिनला चालणारं एक काम उरलं होतं, ते हाताने काढलं. रिस्टार्ट. संस्था बरखास्त. नंतर बँकेचे आणि मेलचे पासवर्ड फोनवरून बदलले, कारण त्या एक्स्टेंशनला सगळ्या साइटींवरचं वाचायची परवानगी होती.

मत थोडं बदलावं लागलं, तेही लिहिते. जुलैत सेटिंग चाळताना सापडलं: 'नको असलेले प्रोग्रॅम ओळखा', खूण नाही. खूण केली आणि डाउनलोडमध्ये पडलेल्या त्याच सेटअप फाइलवर स्कॅन लावला, तर लगेच पकडली. म्हणजे येत होतं. जंक फाइलींची बोंब चालू ठेवून ही खूण बंद कोणी पाठवली, एवढंच मला विचारायचंय. आणि फोनवरच्या त्या पोराला हे माहीत नव्हतं?

सध्याची व्यवस्था अशी आहे. क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेंशनं बंद केल्यामुळे यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन तिथे पूर्ण चालत नाही, त्याचं हलकं रूप 'लाइट' मिळतं. म्हणून भाच्याला फायरफॉक्सवर बसवलं, तिथे पूर्ण चालतं. त्या सीडीआर साइटवर आता एकच डाउनलोड दिसतं, बारीक निळं. शोधातल्या 'प्रायोजित' ओळीही गेल्या. त्यासाठी जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन वापरा, असं अमेरिकेच्या एफबीआयनेच डिसेंबर 2022 मध्ये लोकांना सांगितलं होतं. खर्च शून्य. त्रास एकच. एका पोर्टलवर पावतीची खिडकी अडते, तेवढ्यापुरतं बंद करावं लागतं. भाचा दोनदा विसरला आणि गिऱ्हाइकाचे पैसे भरून पावती नाही म्हणून गोंधळ झाला.

घरच्या लॅपटॉपवर लेक वर्षभर विंडोजसोबत येणारा डिफेंडर अँटीव्हायरस आणि यूब्लॉक एवढ्यावरच आहे. तिथे काही झालेलं नाही. पण तिथे रोज वीस पेनड्राइव्हही येत नाहीत.

म्हणून रिन्यू करायचं की नाही, यावर अडलेय. की विकणारा म्हणतो, वहिनी, तुमच्यासाठी 550. मी 400 वर आहे. मुदत संपायला 31 दिवस उरलेत. हे लिहीपर्यंत कोपऱ्यातून दोनदा सांगून झालं.