जुनं शिलाई मशीन रिस्टोर करायला सिंगर १५-९१ की जपानी बॅजवालं (बॅज म्हणजे मशीनवरची नावाची पाटी) मशीन?

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी सिंगर १५ ची (१५-९१ त्यातलंच एक मॉडेल) कॉपी केली आणि अमेरिकेत ती मशीनं कितीतरी वेगवेगळ्या नावांनी विकली गेली, त्यामुळे नुसता बॅज वाचून काहीच कळत नाही, मशीन आडवं करून तळाला जे-ए कोड (J-A अक्षरं आणि पुढे आकडा) बघा, कारखान्याचा माग त्यावरून लागतो. सिंगरचं सोपंय, सिरीयल नंबरवरून साल निघतं. पण १५-९१ ची मोटर बॉडीलाच जोडलेली, गियरवर चालणारी, जुन्या वायरचं इन्सुलेशन झडलेलं असतं, काम फार किचकट! जपानीची मोटर बाहेर, पट्ट्यावर, पटकन बदलता येते. मशीन जाम असेल तर आत घासलेट घाला, चाक हाताने हळूहळू फिरवा, शटलजवळचा अडकलेला धागा चिमट्याने काढा, मग मशीन ऑइल. पहिल्यांदा रिस्टोर करताय तर जपानीच घ्या.