अर्धवट बांधलेलं विमान घेताय? आधी बोल्ट काढायला लावा

इथे अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारे बरेच आहेत आणि मध्येच सोडून देणारे त्याहून जास्त. टेक्ससमधल्या अशाच एकाकडून पंखांचं काम झालेला प्रोजेक्ट घेतला. "स्पारची सगळी भोकं रीम केलीयत, बोल्ट ठोकून बसवावे लागले," असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. स्पार म्हणजे पंखाचा भार पेलणारी आतली तुळई, आणि रीम करणं म्हणजे भोक रीमर नावाच्या हत्याराने अचूक मापाचं आणि गोल करणं. कामाची वही, फोटो, सगळं चकाचक. बोल्टही खरंच घट्ट होते.

घरी आणून पाव इंची बोल्ट ठोकून काढला, तर सोबत पत्र्याची पातळ पट्टी बाहेर आली. कोल्ड्रिंकच्या डब्याची! एका बाजूचा लाल रंगसुद्धा शाबूत होता. भोक मोजलं, 0.257 इंच. म्हणजे बोल्ट सैल जावा म्हणून वर्कशॉपात वापरतात तो 'एफ' मापाचा ड्रिल सरळ आरपार घातलेला. एएन 4 बोल्टचा (एएन हे विमानाच्या बोल्टचं मानक, 4 म्हणजे पाव इंची) दांडा जास्तीत जास्त 0.249 इंच असतो, उरलेली फट पट्टी गुंडाळून भरली होती. शाबासकीच द्यायला हवी! दोन बोल्टच्या डोक्यावर तर एएनची फुली नव्हती, तीन रेघा होत्या. हार्डवेअरच्या दुकानातला माल.

ड्रिलचं भोक पूर्ण गोल होत नाही, किंचित तिकोनी येतं. म्हणून आधी बारीक ड्रिल मारून शेवटचे काही थाऊ (इंचाचे हजारावे भाग) रीमरने काढतात: कमी वेगात, तेल लावून, आणि बाहेर काढतानाही रीमर उलटा न फिरवता. बोल्ट सैल राहिला की भार सगळ्यांवर सारखा येत नाही, हादऱ्यांनी भोक लांबट होत जातं. शेवटच्या तपासणीला येणारा अधिकारी स्पारचे बोल्ट काढून बघत बसत नाही.

1/64 इंचाने जास्त जाड बोल्ट घालून काही भोकं सुधारता येतील, तेही डिझायनरने होकार दिला तर. पण दोन भोकं काठाजवळ आहेत. मध्यापासून काठापर्यंत बोल्टच्या व्यासाच्या दुप्पट अंतर लागतं, ते तिथे उरत नाही. ती भोकं असलेली फिटिंग्ज, म्हणजे जोडणीचे भाग, भंगारात.

विक्रेत्याला फोटो पाठवले. "माझ्याआधीच्या मालकाने केलं असेल," म्हणाला. वहीत पहिल्या पानापासून अक्षर त्याचंच आहे! नंतर फोन उचलणंच बंद. विक्रीच्या कागदावर 'जसं आहे तसं' असल्यामुळे वकिलानेही हात वर केले. तुम्ही घेणार असाल तर रीमिंगची ओळ त्या कागदात लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी तुम्ही दाखवाल तो बोल्ट त्याला तिथेच काढायला लावा. कुरकुरला तर ट्रेलर रिकामाच परत आणा.