आयर्लंडचे मोफत दप्तर, एका निवृत्त भूमापकाच्या नजरेतून

आमचे जावई आयर्लंडच्या केरी काउंटीचे, आडनाव सुलिव्हन. गेल्या वर्षी ते नाशिकला आले असताना रामकुंडावर आमच्या तीर्थोपाध्यायांनी वही उघडून माझ्या पणजोबांची सही दाखवली, तेव्हा आपल्या घराण्याचेही असे काही सापडेल का, असे त्यांनी मला विचारले. भूमी अभिलेख खात्यात उभी हयात गेलेली असल्यामुळे मी ते काम अंगावर घेतले.

पहिली चूक माझीच झाली. एका सशुल्क संकेतस्थळाची वर्षाची वर्गणी भरली आणि हाती आले ते ‘सुलिव्हन घराण्याचे’ म्हणून छापलेले एक रंगीत मानचिन्ह (कोट ऑफ आर्म्स). असे चिन्ह व्यक्तीला बहाल केले जाते, आडनावाला नव्हे, हे नंतर समजले.

खरा उपयोग झाला तो आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या मोफत संकेतस्थळाचा. तेथे १९०१ आणि १९११ च्या जनगणनेची मूळ पत्रके पाहता येतात. घरातील प्रत्येकाचे नाव, वय, धर्म, व्यवसाय, लिहितावाचता येते का, आयरिश भाषा येते का, इतकेच नव्हे तर १९११ च्या पत्रकात विवाहितेला किती मुले झाली आणि त्यांतील किती हयात आहेत, हेही नोंदलेले आहे. जावयांच्या खापरपणजीचे वय १९०१ मध्ये ५८ आहे आणि १९११ मध्ये ७२! सत्तरी गाठलेल्यांना १९०९ पासून सरकारी निवृत्तिवेतन मिळू लागले होते आणि सर्वांच्या जन्मांची नोंदणी तर १८६४ मध्येच सुरू झाली, त्यामुळे अशी वाढलेली वये या पत्रकांत बरीच आढळतात. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून ही जन्मतारीख लावलेल्या आमच्या पिढीला याचे नवल वाटू नये.

त्यामागे जायचे तर जनगणना जवळजवळ संपते. १८६१ ते १८९१ ची पत्रके सरकारनेच नष्ट केली आणि त्याआधीची बहुतेक १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या संकुलातील आगीत गेली. म्हणून करनोंदींकडे वळावे लागते. चर्चच्या दशांश करासाठी १८२३ नंतर केलेल्या टाइद नोंदी अभिलेखागाराकडे आहेत, तर १८४७ ते १८६४ दरम्यान प्रसिद्ध झालेली ग्रिफिथ यांची जमीन-घरांची आकारणी ‘आस्क अबाउट आयर्लंड’ या संकेतस्थळावर नकाशांसह मोफत मिळते. सातबारा वाचता येणाऱ्याला ही आकारणी परकी वाटणार नाही: कूळ, जमीनमालक, क्षेत्र, आकार, सारे रकाने ओळखीचे. मात्र दोन्हींत नाव फक्त खातेदाराचे असते, बायकामुलांचा पत्ता नसतो. टाइद नोंदींतील एकर पुष्कळदा आयरिश असतो, म्हणजे आपल्या सुमारे १.६२ एकरांएवढा, हे ध्यानात न आल्यामुळे एकच शेत दोन नोंदींत वेगळे समजून मी आठवडाभर चाचपडलो.

सर्वांत जास्त वेळ आडनावाने घेतला. जुन्या नोंदींत ‘सुलिव्हन’ असलेले घराणे पुढे ‘ओ’सुलिव्हन’ होऊन भेटते, कारण गळून पडलेला ‘ओ’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेकांनी पुन्हा लावून घेतला. त्यात केरीमध्ये हे आडनाव पैशाला पासरी. जावयांच्या मूळ गावी एकाच नावाचे तीन सुलिव्हन निघाले. आकारणी करणाऱ्याने त्यांच्यापुढे कंसात बापाचे नाव किंवा केसांचा रंग लिहून ठेवला होता, म्हणून आमचा कोणता ते ठरवता आले.

तीर्थोपाध्याय आधी गाव विचारतात आणि मग आडनाव, तोच क्रम येथेही पाळावा. गाव म्हणजे तेथील टाउनलँड, जमिनीची सर्वांत लहान अधिकृत विभागणी. संपूर्ण आयर्लंड बेटावर अशी ६०,००० हून अधिक आहेत. आम्हाला ते नाव एका जुन्या विवाह नोंदीत मिळाले. ते हाती नसेल तर केवळ आडनाव टाकून शोधायला बसू नये. असेल तर पैसे भरण्याचे काहीही कारण नाही. जावयांनी त्या नकाशावरचा तुकडा छापून घेतला असून पुढच्या उन्हाळ्यात ते तेथे प्रत्यक्ष जाणार आहेत.