टाचेचं अस्तर फाटलं: रोजच्या धावण्याच्या बुटांचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सोल जागेवर आहे, वरची जाळी कुठे उसवलेली नाही, तळाचं रबर जेमतेम निम्मं झिजलंय. तरीही उजवा बूट घालवत नाही. आत टाचेच्या मागे अस्तराला नखाएवढं भोक पडलं, त्याखालच्या फोमचा भुगा झाला आणि आता हील काउंटरच्या, म्हणजे टाचेला मागून धरणाऱ्या भागाच्या, कडक प्लास्टिकची कड थेट टाचेला लागते. रोजच्या धावण्याचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालावा अशी अपेक्षा असते. तो निम्म्या वाटेतच दोन बोटं कापडापायी टाकून द्यायचा, हे मला मान्य नाही. सर्व्हिस विभागाचं म्हणणं असं की ही ‘वापरातली नेहमीची झीज’ आहे, वॉरंटीत बसत नाही. सोल निघाला असता तर बदलून दिला असता म्हणे.

कंपनीचं नाव घेत नाही, कारण या बांधणीचे बूट बरेच जण बनवतात: ईव्हीए या हलक्या फोमचा मिडसोल (पाय आणि तळाचं रबर यांच्यामधला थर), ८ मिलिमीटर ड्रॉप (टाचेखालची उंची चवड्याखालच्या उंचीपेक्षा जेवढी जास्त तेवढा फरक), जाळीचं अप्पर (बुटाचा वरचा भाग), टाचेला जाड गुबगुबीत कॉलर (घोट्याभोवतीची कड) आणि गोल लेस. बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांना ठाऊक असतात. खरेदीच्या वेळी सगळी चर्चा फोमवर होते आणि टाचेच्या अस्तराकडे कोणी ढुंकून बघत नाही. काही महिन्यांच्या वापरानंतर माझं मत असं की बूट सुखाचा की त्रासाचा, हे टाच आत किती घट्ट बसते यावर सगळ्यात जास्त ठरतं. फोम त्याच्यानंतर.

अस्तर फाटतं ते टाच वर-खाली घासल्यामुळे. चवड्यावर जोर देऊन पाय उचलताना टाच आधी वर येते आणि बूट मागून ओढला जातो. सोल पुढच्या भागात सहज वाकत असेल तर बूट टाचेबरोबर येतो. सोल जाड आणि ताठ असेल तर तो वाकायला तयार नसतो, मग टाच एकटीच वर सरकते. एका किलोमीटरला एकेका पायाची चारशे-पाचशे पावलं सहज होतात, म्हणजे तितक्याच वेळा तेच कापड त्याच जागी घासतं. घामाने ओलं झालं की कापडही लवकर झिजतं आणि कातडीही लवकर सोलवटते. आत बारीक रेती गेली तर बघायलाच नको. दुसरं कारण म्हणजे लेस न सोडता बुटात पाय कोंबणं. त्याने कॉलर दुमडते, हील काउंटर चेपतो, आणि एकदा चेपलेला काउंटर टाच पुन्हा तशी धरत नाही. शूहॉर्न (टाच सरकवायची पट्टी) नसेल तर निदान वरची तीन भोकं तरी सैल करून पाय घालावा.

सुरुवातीला अस्तराचं कापडच हलकं आहे असं वाटत होतं. आता ते मत थोडं बदललंय. कापड हलकं आहेच, पण खरा घोटाळा गोल, गुळगुळीत लेसचा आहे. ती धावता धावता सैल होते, टाच मोकळी होते आणि अस्तर खाल्लं जातं. डाव्या बुटाला चपटी, थोडी खरबरीत लेस घातल्यावर त्याच्या अस्तराची झीज जवळपास थांबली, त्यावरून हे लक्षात आलं. कंपनीने लेसवर काटकसर केली आणि त्याची भरपाई टाचेने केली, याचा राग अजून गेलेला नाही.

लेसच्या भोकांमधलं सगळ्यात वरचं, थोडं मागे सरकलेलं जादा भोक बहुतेक जण रिकामं सोडतात. ते टाच बांधण्यासाठीच दिलेलं असतं. त्याच्या खालच्या भोकापर्यंत लेस नेहमीसारखी तिरकी आणायची. मग प्रत्येक टोक आडवं न नेता त्याच बाजूच्या जादा भोकातून बाहेरून आत घालायचं, मात्र पूर्ण ओढायचं नाही. बाहेर बोट जाईल एवढा लहान फासा ठेवायचा. दोन्ही बाजूंना असे फासे झाले की डावं टोक उजव्या फाशातून आणि उजवं डाव्या फाशातून काढायचं. आता टाच बुटाच्या मागच्या भिंतीला टेकवायची, टोकं आधी खाली, टाचेच्या दिशेने ओढायची आणि मगच वर घेऊन गाठ मारायची. आधीच वर ओढलं तर फासे घट्ट बसत नाहीत. या पद्धतीत दोन्ही बाजूंना मिळून दहा-एक सेंटिमीटर लेस जास्त लागते, त्यामुळे नवी लेस घेताना थोडी लांबच घ्यावी. घोट्याजवळ आवळायचं, पायाच्या पाठीवर नाही. तिथे आवळलं तर बोटांच्या शिरा दुखतात किंवा बोटं बधिर होतात. पायाची पाठ उंच असेल तर दुखतं त्या जागी लेस तिरकी न नेता त्याच बाजूच्या पुढच्या भोकात सरळ घालावी, म्हणजे त्या पट्ट्यात दाब पडत नाही.

गाठीचंही बघून घ्या. सुरगाठीचे कान बुटाला आडवे, डावीकडे-उजवीकडे पडले तर गाठ बरोबर. ते बोटं-टाच अशा उभ्या दिशेने फिरत असतील तर ती कच्ची आहे आणि सुटणारच. त्यासाठी नवं काही शिकावं लागत नाही, पहिल्या अर्ध्या गाठीत उजवी लेस डावीवरून घेत असाल तर डावी उजवीवरून घ्या, बाकी तसंच. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभियंत्यांनी २०१७ मध्ये यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पाऊल जमिनीवर आदळताना गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट धक्का बसतो, त्याने ती सैलावते, आणि पाय झुलताना लेसची मोकळी टोकं तिला बाहेर ओढतात. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की गाठ काही क्षणांत सुटते. म्हणून लोंबणारी टोकं आडव्या लेसखाली खोचून टाकावीत.

फोमबद्दल थोडक्यात, कारण त्याबद्दल तक्रार नाही. पहिल्या शंभर किलोमीटरपर्यंत तो कडक लागला, मग बसला आणि तसाच राहिला. थंडीत ईव्हीए जास्त कडक होतो, हा दोष नाही, त्या फोमचा स्वभाव आहे. पहिली दहा मिनिटं हळू धावलं की भागतं. बूट संपला हे ओळखायला मिडसोलची बाजू बघावी. न धावताही आडव्या सुरकुत्या ठळक दिसत असतील आणि अंगठ्याने दाबल्यावर फोम सावकाश वर येत असेल, तर उरलेल्या रबराला अर्थ नाही. नेहमीच्याच रस्त्यावर, नेहमीच्याच वेगात नडगी किंवा गुडघा नव्याने कुरकुरायला लागला तरी संशय आधी बुटावर घ्यावा.

मापाच्या बाबतीत टाच सैल आहे म्हणून अर्धा नंबर लहान घेणं हा उपाय नाही. टाच बसते पण बोटं पुढे आपटतात, उतारावर तर प्रत्येक पावलाला, आणि मग नख काळं पडतं. दिवसभरात पाय फुगतात आणि लांब धावण्यातही फुगतात, म्हणून माप संध्याकाळी, धावायचेच मोजे घालून, उभं राहून आणि दोन्ही पायांचं घ्यावं. मोठ्या पायाला जुळेल तो नंबर. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. सगळ्यात लांब बोट पायाचा अंगठाच असेल असं नाही. दुकानात टाच तपासायला सपाट फरशीवर चालून कळत नाही. जिन्याच्या दोन-तीन पायऱ्या चढून बघा, आणि वर सांगितलेली लेस बांधूनच बघा. थोडी हालचाल चालते. पण मोजा सरकून खाली येत असेल तर बूट परत ठेवावा.

ओल्या पावलाचा ठसा उमटवून ‘तुमची कमान अशी, तुमचा बूट असा’ सांगणाऱ्यांवर फार विसंबू नये. अमेरिकन सैन्याच्या प्रशिक्षणार्थींवर याचे मोठे अभ्यास झाले. ठशाच्या आकारावरून बूट दिल्याने दुखापती कमी झाल्या नाहीत. घातल्यावर पायाला बरा वाटतो तो बूट, ही कसोटी साधी आहे पण जास्त भरवशाची. ड्रॉप मात्र एकदम बदलू नये. ८-१० मिलिमीटरवरून ४ वर उतरलात तर पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर ताण वाढतो. पहिले काही आठवडे नवा बूट फक्त छोट्या अंतराला घालावा.

वजनाबाबत माझं मत स्पष्ट आहे. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले तर ऊर्जेचा खर्च सुमारे एक टक्का वाढतो. रोजच्या सरावात तो एक टक्का कोणी मोजत नाही. तो वाचवायला हलक्या बुटात सगळ्यात आधी टाचेचीच गादी काढतात. शर्यतीचे प्लेटवाले (सोलमध्ये कडक पट्टी बसवलेले) बूट तर त्याच्याही पुढे जातात: ताठ सोल, पातळ कॉलर. वर्ल्ड ॲथलेटिक्सने २०२० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सोलची जाडी ४० मिलिमीटर आणि एका बुटात एकच प्लेट अशी मर्यादा घातली. तो शर्यतीचा विषय आहे. रोजच्या धावण्याला असे बूट झिजवू नयेत.

मोज्यांमध्ये सुती टाळावेत. सूत घाम धरून ठेवतं, मोजा ओला होऊन गोळा होतो आणि फोड येतात. पॉलिएस्टर-नायलॉनचे किंवा मेरिनो लोकरीचे घ्यावेत, शिवण बोटांवर नको. आणि मोजा बुटाच्या कॉलरच्या वर दिसायलाच हवा. ते लपणारे अगदी आखूड मोजे धावताना टाचेखाली जातात आणि उघडी टाच अस्तरावर घासते. मांड्या, काखा आणि छातीवर घासतं तिथे पेट्रोलियम जेली लावावी. टाचेला लावू नये, ती अस्तरात मुरते आणि मग तिथे धूळ चिकटून बसते. बायकांनी स्पोर्ट्स ब्राचा खालचा पट्टा बघून घ्यावा, आधार खांद्यांच्या पट्ट्यांपेक्षा त्यानेच द्यायचा असतो. फोन, किल्ली कमरेच्या पट्ट्यात. घड्याळाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कोणतंही चालतं.

हे लिहीत असतानाच सर्व्हिस विभागाचं दुसरं उत्तर आलं: बूट बदलून मिळणार नाही, पण सदिच्छा म्हणून जाड जेल इनसोल पाठवतील. नको म्हणून कळवलं. जाड इनसोलने पाय वर उचलला जातो, टाच काउंटरच्या खोलगट भागातून बाहेर येते आणि आणखी सरकते. ज्याची टाच आधीच सुटते त्याला हा उपाय उलटाच पडेल. तक्रार अस्तराची आहे, हे तीनदा फोटोसकट कळवूनही त्यांना समजू नये याची चीड येते.

शेवटी दुरुस्ती. आधी आत हात घालून काउंटर चाचपायचा. तो तडकला असेल तर ठिगळाचा उपयोग नाही, बूट निवृत्त करायचा. साबूत असेल तर सुटे धागे कात्रीने काढा, ओल्या फडक्याने पुसा आणि रात्रभर वाळू द्या, उन्हात किंवा हीटरपुढे नको, डिंक सुटतो. फोमचा खड्डा पातळ फोमच्या तुकड्याने सपाट भरा, नाहीतर ठिगळ आत बसून पुन्हा कड तयार होते. ठिगळाला एक मिलिमीटरच्या आतलं मऊ स्वेड किंवा मायक्रोफायबर घ्यावं, भोकाच्या चहूबाजूंनी दीड सेंटिमीटर जास्त, कोपरे गोल कापून, कारण टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचकटतो. लवचीक कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हचा पातळ थर दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकट लागेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग मधून कडेकडे दाबत बसवायचं आणि २४ तास बूट घालायचा नाही. आधी एका कोपऱ्यात थेंबभर लावून फोम विरघळत नाही ना, ते बघून घ्या. पहिले दोन-तीन दिवस फक्त चालायला वापरा. वरची कड मोज्यात अडकत असेल तर ठिगळ कॉलरच्या कडेवरून बाहेर दुमडून पुन्हा चिकटवा. डाव्या बुटाचं अस्तर पातळ झालेलं दिसतंय, त्यालाही भोक पडायच्या आतच असंच ठिगळ लावणार आहे.