देठ टाका: आठ महिन्यांच्या सरावानंतरचा अनुभव

वेली आणि अक्षरे भरण्यासाठी मी आठ महिन्यांपूर्वी देठ टाका, म्हणजेच स्टेम स्टिच, शिकायला घेतला, कारण उलट टिपेने भरलेल्या माझ्या वळणदार रेषा जवळून तुटक दिसत आणि साखळी टाका बारीक अक्षरांना जाड पडे. टाक्याची कृती एका दुपारी हाताला आली. दोरीसारखा सलग पीळ दिसणारी रेषा मिळायला मात्र तीन महिने गेले.

उजव्या हाताने भरताना हा टाका डावीकडून उजवीकडे जातो. पहिला टाका घालून सुई मागे आणायची, त्याच्या मध्यावर वर काढायची, दोरा नेहमी रेषेच्या खाली अंगठ्याने धरून ठेवायचा आणि पुढे प्रत्येक वेळी आधीचा टाका जिथे संपला, त्याच छिद्रातून सुई वर आणायची. हे छिद्र मी सुरुवातीला अंदाजाने गाठत होते, त्यामुळे रेषेची जाडी कमीजास्त होई. कापड उलटून पाहण्याची सवय लागली तेव्हा चूक उमगली: मागे उलट टिपेची अखंड ओळ दिसली तर छिद्रे जुळलेली असतात, फटी दिसल्या तर सुई पुढे निसटलेली असते. मला सर्वांत जास्त उपयोग या एका तपासणीचा झाला. मध्येच दोरा रेषेच्या वर गेला तर पिळाची दिशा बदलते आणि तेवढा टाका लगेच वेगळा दिसतो, म्हणून तो मी निःसंकोच उसवते.

सरळ रेषेत चार मिलिमीटरचा टाका शोभतो, पण घट्ट वळणावर तो दोन मिलिमीटरपर्यंत आणावाच लागतो. टोकदार कोपऱ्यावर दोरा मागे नेऊन अडकवावा आणि नव्या दिशेने पुन्हा सुरुवात करावी; नुसते वळवले की कोपरा गोल होतो. सहा पदरी दोऱ्याचे तीन पदर एकेक सुटे करून पुन्हा जुळवले, तर ते सपाट बसतात.

अक्षरांसाठी या टाक्यावर माझा पूर्ण विश्वास बसला आहे. अकराव्या शतकातल्या, सुमारे 70 मीटर लांबीच्या बायो टॅपेस्ट्री या भरतकाम केलेल्या कापडी पट्टीवरची अक्षरे आणि बाह्यरेषा लोकरीच्या दोऱ्याने याच टाक्यात भरलेल्या आहेत, हे कळल्यावर तो आणखी वाढला. सतत घासल्या जाणाऱ्या कपड्यावर मात्र मी टाके आखूडच ठेवते, कारण लांब टाके अडकून ओढले जातात.